भुकेची नव्हे, भुशाची गोष्ट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मंडळाच्या कोजागिरीला यंदा दुधाआधी वाद उकळला. निमित्त होतं सर्वेश कुशारेचं. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा उंच उडीच्या अंतिम फेरीत पोचला, २.२८ मीटर उडाला आणि सहावा आला. जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बघा, मक्याच्या भुशावर उड्या मारून पोरगा जगात सहावा आला. आणि आमच्या नातवंडांना पळायच्या आधी ब्रँडेड बूट हवेत. जिद्द असली की सुविधा लागत नाहीत." त्यावर एका इंजिनियर पोरानं मोबाइलमधून मान वर काढली. "काका, सहावा म्हणजे पदक नाही. शंभर कोटींचं स्टेडियम द्या, मग बघा." झालं. गच्चीवर दोन तट पडले, एकीकडे जिद्दवाले, दुसरीकडे स्टेडियमवाले. पातेल्यातलं दूध आटून निम्मं झालं, वाद काही आटेना.

दूध ढवळायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी त्या रात्री गप्प होतो. पण तोच वाद नंतर मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर चालला, आणि वाचता वाचता वाटायला लागलं की दोन्ही बाजूंनी सर्वेशची गोष्ट नीट ऐकलेलीच नाही. जिद्दवाल्यांना वाटतं, अभावानं खेळाडू घडतो. स्टेडियमवाल्यांना वाटतं, इमारतीनं घडतो. माझं म्हणणं असं की उंच उडीचा खेळाडू घडतो तो गादीवर, आणि ती गादी अंथरणारं माणूस जवळ असलं तर. पहिल्या बाजूला गादी दिसत नाही, दुसऱ्या बाजूला माणूस.

ग्वाल्हेरमध्ये 'गादी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शिंद्यांचा जयविलास पॅलेस उभा राहतो, हे मला ठाऊक आहे. मी बोलतोय ती गादी म्हणजे उडी मारल्यावर माणूस ज्यावर पडतो ती. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती निदान सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सत्तर सेंटिमीटर जाड असते. ती का लागते, हे समजायला आमच्या शाळेच्या खड्ड्यात उतरावं लागेल.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या शाळेत उंच उडी म्हणजे दोन बांबू, मध्ये सुतळी आणि पलीकडे वाळूचा खड्डा. सुतळीच्या दोन्ही टोकांना छोट्या वाळूच्या पिशव्या लटकवायच्या, म्हणजे ती ताठ राहते. आडव्या दांडीचा न्याय सरळ असतो, धक्का लागला की ती पडते. सुतळी पडत नाही, नुसती थरथरते. त्यामुळे प्रत्येक उडीनंतर "लागली", "नाही लागली", "वाऱ्यानं हलली" असा दहा मिनिटांचा खटला चालायचा, आणि निकाल ज्याचा मोठा भाऊ अकरावीत त्याच्या बाजूनं लागायचा. वाळूही नावालाच. आमचा भाग दगडाचा, ग्वाल्हेरचा दगड किल्ल्यापासून घरांच्या जिन्यांपर्यंत सगळीकडे, आणि तो खड्ड्यातही निघायचा. शिपाईमामा सकाळी फावडं फिरवून वरची वाळू मोकळी करायचे, दुपारी ती पुन्हा घट्ट. आम्ही सगळे कात्री मारायचो, म्हणजे एक पाय पलीकडे, मग दुसरा, आणि उतरायचं पायांवर. दुसरं काही मारायची सोयच नव्हती. एका पोरानं कुठल्याशा मासिकात फोटो पाहून पाठीवरून उडी मारून बघितली. तो तीन आठवडे मनगट प्लास्टरमध्ये घालून वर्गात बसला, आणि मास्तरांनी सुतळी गुंडाळून कपाटात ठेवली. जिद्द त्याच्यात आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त होती. तिचं काय झालं ते मी पाहिलं आहे.

त्या फोटोतली उडी डिक फॉसबरीची. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या मेडफर्ड गावच्या शाळेतला हा लांबुडका मुलगा. त्या काळची चालती पद्धत म्हणजे दांडीवर पोटाकडून आडवं लोळून जाणं. ती त्याला काही केल्या जमेना, म्हणून तो जुन्या कात्रीकडे वळला, आणि उंची वाढवायच्या खटपटीत हळूहळू मागे रेलत गेला. रेलता रेलता पाठच दांडीकडे झाली. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तो २.२४ मीटर उडून सुवर्णपदक घेऊन आला, आणि उंच उडी कायमची उलटली. चार वर्षांनी म्युनिकला चाळीसपैकी अठ्ठावीस स्पर्धक त्याच्यासारखे पाठीवरून उडत होते. गंमत म्हणजे फॉसबरीला स्वतःला त्या वर्षी अमेरिकेच्या संघात जागा मिळाली नाही. या पद्धतीचा फायदा सोपा आहे. पाठीची कमान करून डोकं, पाठ, कंबर, पाय असं एकेक दांडीवरून न्यायचं. शरीराचा कुठलाही भाग दांडीला शिवत नाही, आणि तरी शरीराचा गुरुत्वमध्य दांडीखालून जाऊ शकतो. तेवढ्याच ताकदीत जास्त उंची.

मग हे त्याच्याआधी रूढ का झालं नाही? १९६८ पूर्वीच्या माणसांत जिद्द कमी होती का? धाडस कमी होतं का? कारण त्याहून साधं आहे. या उडीत माणूस उतरतो खांद्यावर आणि मानेवर. खाली वाळू किंवा लाकडाचा भुसा असताना असं उतरणं म्हणजे मान मोडून घेणं. फॉसबरी शाळेत होता त्याच सुमारास तिथे खड्ड्यातल्या लाकडी ढलप्या जाऊन मऊ गादी आली होती. त्याची कल्पकता कुणी नाकारत नाही, पण ती उतरली फोमवर. फोम नसता तर तो आमच्या वर्गातल्या त्या पोरासारखा गळ्यात झोळी अडकवून बसला असता, आणि जगाला त्याचं नावही कळलं नसतं.

आता जिद्दवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मी खरंच मान्य करतो. गरिबीतून आलेले उंच उडीपटू भारतात थोडेथोडके नाहीत. सर्वेश आहेच. २०२५ मध्येच गुमीच्या आशियाई स्पर्धेत १.८९ मीटर उडून सुवर्ण जिंकणारी हरियाणाची पूजा सिंग गवंड्याची मुलगी. २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकमध्ये १.८९ मीटर उडून सुवर्ण घेणारा मरियप्पन थंगवेलू सेलमजवळच्या खेड्यातला, पाचव्या वर्षी बसखाली पाय गेलेला, आई भाजी विकणारी. खात्यापित्या घरातली मुलं या खेळाकडे फारशी फिरकत नाहीत हेही खरं. तेव्हा अभावातून काहीतरी निघतं, हे दिसतंच आहे. पण काय निघतं?

सर्वेशच्या गोष्टीतला भुसा आला कुठून? तो आपोआप शेतातून चालत शाळेत आला नाही. खेळाच्या मास्तरांनी मक्याचा भुसा भरून मुलांना पडायला गाद्या करून दिल्या. म्हणजे काका ज्या गोष्टीला 'सुविधेविना' म्हणतात, ती मुळात कुणीतरी सुविधा तयार केल्याची गोष्ट आहे. एका शिक्षकाला कळलं की पाठीवरची उडी शिकवायची तर आधी पाठीखाली मऊ काही हवं, आणि जे हाताशी होतं त्यातून त्यांनी ते केलं. मरियप्पनलाही या खेळाकडे नेलं ते शाळेतल्या क्रीडाशिक्षकानं. भूक त्या गावांतल्या सगळ्याच पोरांकडे होती. गादी एका शाळेत होती.

आपल्या लोकांना ही गल्लत फार प्रिय आहे. माझे आजोबा सांगायचे, अमुक साहेब रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठे झाले. लहानपणी मी भारावून ऐकायचो. पुढे प्रश्न पडला, तो दिवा कुणाचा होता? नगरपालिकेचा. कुणीतरी कर भरला, कुणीतरी रोज संध्याकाळी तो पेटवला, म्हणून साहेब मोठे झाले. तमुक जण वार लावून जेवले आणि शिकले, असंही आपण अभिमानानं सांगतो. पण वार म्हणजे काय? सात घरांनी आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेऊन परक्या पोराला ताटावर बसवलं. ती एक उत्तम चाललेली सार्वजनिक व्यवस्था होती. तिला त्या पोराची जिद्द म्हणून विकायचं, म्हणजे सात घरच्या बायकांनी लाटलेल्या पोळ्या हिशेबातून खोडून टाकायच्या.

आणि गरिबीच जर खेळाडू घडवत असती, तर उंच उडीचा विश्वविक्रम आपल्याकडे यायला हरकत नव्हती. तो आहे क्युबाच्या हाविएर सोटोमायोरच्या नावावर, २.४५ मीटर, २७ जुलै १९९३, सालामांका. तीस वर्षं उलटून गेली, कुणी हलवू शकलेलं नाही. (त्याच्या कारकिर्दीवर पुढे उत्तेजकांचे डाग पडले, ते मी झाकत नाही. पण तो वाद वेगळा.) क्युबा काही श्रीमंत देश नव्हे. देशाच्या बहिष्कारांपायी सोटोमायोरची १९८४ आणि १९८८ ची दोन ऑलिंपिक गेली. तरी त्या देशानं लहान मुलांना हेरून खेळाच्या निवासी शाळांत घालायची पद्धत बसवली होती, तिथे शिकवणारी माणसं होती. गरीब देश विश्वविक्रम करू शकतो, हे क्युबानं दाखवलं. बिनव्यवस्थेचा देश करू शकतो, हे अजून कुणी दाखवलेलं नाही.

माझं हे ऐकून आमचा इंजिनियर खूश होईल, म्हणून आता त्याच्याकडे वळतो. त्याच्याविरुद्ध काका जे म्हणाले त्यातही तथ्य आहे. बांधलेली मैदानं कुलूपबंद पडतात. सिंथेटिक ट्रॅकवर सकाळी पोट कमी करणारे आमच्यासारखे लोक फिरतात आणि दहा वाजता फाटक बंद होतं. एका गावात (नाव घेत नाही) मी उंच उडीची चांगली महागडी गादी पाहिली. ताडपत्री नसल्यामुळे ती दोन पावसाळे उघड्यावर भिजलेली, कोपऱ्यात उंदरांनी घर केलेलं, आणि मुलं तिच्यावर बसून भेळ खात होती. पैसा खर्च झाला होता, उडी शून्य. इमारत म्हणजे खेळ असं मानणाऱ्यांनी आमच्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियमचं नाव तरी आठवावं. रूपसिंग हॉकीचा, ध्यानचंदचा भाऊ, १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर एकट्यानं दहा गोल चढवणारा. त्याच्या नावाचं मैदान जगाला माहीत आहे ते २०१० साली सचिननं तिथे पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक काढलं म्हणून. मलाही त्या दोनशेचा अभिमान आहे, पण पाटी हॉकीची आणि खेळपट्टी क्रिकेटची असला हा मामला आहे. बांधकाम कुणाच्याही नावानं होतं. आत काय चालतं, हे नंतर ठरतं.

पण याच शहरात कंपू भागात महिला हॉकीची अकादमी आहे, २००६ पासून. तिथे टर्फ आहे, आणि टर्फच्या जोडीला वसतिगृह, जेवण, प्रशिक्षक आणि पहाटेचा ठरलेला तास. तिथून खेळून पुढे भारतीय संघात गेलेल्या मुली आहेत. नुसतं टर्फ टाकलं असतं तर आज त्यावर भेळ चालली असती. ग्रुपवर कुणीतरी खोचकपणे विचारलं होतं, "आपल्याकडे १९५७ पासून लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था आहे. एवढी मोठी मैदानं, मग उंच उडीतला जागतिक पठ्ठ्या का नाही निघाला?" प्रश्न चुकीच्या दारावर टकटक करतो. १८५७ च्या शताब्दीच्या वर्षी राणीच्या नावानं ती संस्था उभी राहिली ती खेळ शिकवणारे शिक्षक तयार करायला. पठ्ठे शोधायचे तर ते जिथे नोकरीला जातात त्या शाळांत शोधायला हवेत. आणि तिथे काय असतं? पीटीचा तास गणिताच्या बाई मागून घेतात. खेळाच्या मास्तरांना परीक्षेचं पर्यवेक्षण आणि पंधरा ऑगस्टची कवायत. चार वर्षं शरीरशास्त्र शिकून आलेला माणूस शिट्टी घेऊन प्रार्थनेच्या रांगा सरळ करतो. मक्याचा भुसा भरून गादी करायची उमेद त्याच्यात कुठून उरावी?

जुन्या लोकांना हे कळत होतं, याचं मला नवल वाटतं. आखाड्याकडे बघा. लाल माती म्हणजे नुसती खणलेली जमीन नव्हे. ती चाळायची, खडा न खडा काढायचा, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळायची, ओलावा राखायचा. वस्तादापासून पोरापर्यंत सगळे रोज ती उकरायचे. तालीम कडक, माती मऊ. शिंदे, होळकर, गायकवाड, कोल्हापूरकर, कुणाही संस्थानिकानं "खऱ्या मल्लाला खडकावर आपटा, जिद्द येईल" असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी पैलवानांना खुराक दिला, आणि शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं.

मातीची गोष्ट निघाली तर खाशाबा जाधव आलेच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आयुष्य मातीत गेलेले खाशाबा गादीवर उतरले. गादीवरची कुस्ती त्यांना नवीनच होती. तरी सहावे आले. सहावे! त्या वेळीही कुणी म्हणालं असेल, मातीतला गडी जगात सहावा, आणखी काय हवं? आणि कुणी म्हणालं असेल, सहावा म्हणजे पदक नाही. खाशाबांनी दोघांचंही ऐकलं नाही. ते चार वर्षं तयारीला लागले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. आता ही गोष्ट जिद्दीची की सुविधेची? मला ती सगळ्यात आधी लाजेची वाटते, एका प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं त्या लाजेची. पण सहावा आणि तिसरा यांच्या मधल्या चार वर्षांत काय असतं, तेही तिच्यातून कळतं. गादीची सवय, आणि कुणीतरी उचललेला खर्च.

उंच उडीत ही मधली वर्षं फार हळू जातात. सर्वेश २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत २.२७ उडाला होता. टोकियोत २.२८. तीन वर्षं आणि एक सेंटिमीटर. मध्ये २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक, जिथे तो २.१५ वर अडकून पात्रता फेरीतच बाहेर पडला. आमच्या ग्रुपवर तेव्हा त्याचं नावही कुणी घेतलं नव्हतं. या तीन वर्षांत त्याला कुणी पोसलं? भुकेनं नक्कीच नाही. सैन्यातली नोकरी होती, सरावाला जागा होती, महिन्याचा पगार होता. २.२८ हा आकडाही थोडा निरखून बघण्यासारखा आहे. १९६३ साली सोव्हिएत संघाच्या व्हालेरी ब्रुमेलनं त्याच उंचीवर विश्वविक्रम केला होता, तोही पोटावरच्या जुन्या पद्धतीनं. टोकियोत कांस्य गेलं २.३१ ला. तीन सेंटिमीटर, म्हणजे माझ्या अंगठ्याची एकदीड रुंदी. पुन्हा एकेक सेंटिमीटरला तीन वर्षं लागली तर? तिशी गाठलेल्या उडीपटूकडे तेवढी वर्षं नसतात. म्हणून त्याच्यामागे जे कुणी असतील त्यांना सातवी-आठवीतच नीट गादी मिळायला हवी, विशीत नव्हे.

इथे काका म्हणतील, गादी मिळून आळशी झालेली पोरं मी पाहिली आहेत. पाहिली असतील. सुविधा मिळालेल्यांतले बहुतेक जण अपयशीच ठरतात, कारण उंच उडी हा खेळच अपयशाचा आहे. जिंकणाऱ्याची स्पर्धाही बहुधा दांडी पाडूनच संपते. एक पोरगा २.२८ उडण्यासाठी शेकडो पोरांनी १.५० वर दांडी पाडायला हवी, आणि पाडल्यावर धड अंगानं घरी जायला हवं. खडबडीत खड्ड्यात पडलेली ती शेकडो पोरं आपल्या गोष्टीत येतच नाहीत. त्यांच्यावर कोजागिरीला कोण बोलणार?

हा लेख लिहायला घेतला त्या आठवड्यात जुन्या शाळेवरून जाणं झालं. सुट्टी होती, फाटक उघडं होतं. मैदानाच्या कोपऱ्यात आमचा खड्डा शोधला. बाजूच्या विटांची ओळ अजून जागेवर होती, आतली जमीन मात्र बोटभर खाली गेलेली, कोरडी, तडकलेली. दोन स्कूटर लावलेल्या. नवीन चौकीदाराला विचारलं, इथली वाळू कुठे गेली? त्यानं इमारतीच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं, जिथे नवा, रेलिंगवाला जिना चकाकत होता. "वो तो जीने में लग गई, बाबूजी. आपको कितनी चाहिए थी?"